हद्दीखालचा कोळसा

आमच्या सासरी भांडणं व्हायची ती पैशावरून नाही, जेवणावरून नाही, जमिनीवरून. आणि जमीन तरी केवढी, तर एक लुगडं वाळत घातलं की संपली.

वाशीला आम्ही राहायला गेलो तेव्हा लोक तिला 'न्यू बॉम्बे' म्हणत आणि म्हणताना जरा हसत. ह्यांचं ऑफिस फोर्टात, खाडीपुलावरून बसने जाऊन-येऊन. मी तिथल्याच एका नव्या शाळेत शिकवायला लागले होते. घर म्हणजे रो-हाऊस. दोन-दोन घरं एकमेकांना चिकटलेली आणि प्रत्येक जोडीच्या बाहेरच्या अंगाला मोकळी पट्टी. आमची पट्टी आणि पलीकडच्या घराची पट्टी यांच्यामध्ये ना भिंत, ना कुंपण. ताबा देताना हद्दीच्या खुंट्या ठोकल्या होत्या म्हणे, पण मागाहून मुरमाचे ट्रक आले, भराव पडला आणि खुंट्या त्याखाली गेल्या. बाकीच्यांनी अंदाजाने आपापलं काय ते मानलं, कडेला तुळशीची कुंडी ठेवली आणि मोकळे झाले. आमच्या घरी मामंजी होते.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, मूळचे रत्नागिरीकडचे. ज्या गावात माणूस सकाळी उठून आधी आपला दगडी गडगा जागेवर आहे ना ते बघतो आणि मग तोंड धुतो, अशा गावचे. त्यांची एक गोष्ट होती आणि ती आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली होती की सुरू झाली की हे पेपर उघडत आणि मी भाजी निवडायला घेई. गावाला त्यांच्या आणि थोरल्या भावाच्या परड्यांमधून हद्द जायची. हद्दीवर कापा फणसाची दोन झाडं. ते कोणाच्या बाजूला, यावरून वाद झाला. गावातले चार जुने लोक बसले. थोरला भाऊ म्हणाला, वडिलांनी हद्दीखाली कोळसा पुरून ठेवलाय, खणा. खणल्यावर कोळसा निघाला. तो भावानेच आदल्या पावसाळ्यात पुरला होता, हे मामंजींना ठाऊक होतं. सिद्ध करता येईना. फणस गेले. त्या उन्हाळ्यात मामंजींनी गाव सोडलं ते पुन्हा गेले नाहीत.

"माझ्याकडे नुसतं खरं होतं," ते शेवटी म्हणायचे. "नुसत्या खऱ्याने काही लागलं नाही हाताला." एवढं बोलून ते पानाचा डबा उघडत. आम्ही सगळे मनातून सुटल्यासारखे होऊन उठायचो.

आम्ही राहायला गेलो त्या दिवशी सामान उतरवताना माझ्या माहेरच्या कपबशांचा खोका हमालाच्या हातून सुटला. पांढऱ्या चिनी मातीचे कप, त्यांवर निळी फुलं आणि काठाला सोनेरी रेघ. आईने लग्नात दिले होते. सहातले तीन फुटले. मी फरशीवर बसून तुकडे गोळा करत होते, डोळे भरून आले होते. मामंजी आले, खाली बसले, सगळे तुकडे वर्तमानपत्रात घेतले आणि म्हणाले, "मी टाकतो. तुझ्या हाताला लागेल." एरवी हा माणूस पाण्याचं भांडंसुद्धा स्वतःच्या हाताने उचलत नसे. मला त्यांच्याबद्दल त्या दिवशी फार माया वाटली, हे मुद्दाम सांगते.

त्याच आठवड्यात त्यांनी काथ्याची दोरी घेऊन घराच्या कोपऱ्यापासून पट्टी मोजली, ताबा देताना दाखवलेलं माप आठवून आठवून, पुन्हा पुन्हा. शेवटी एका जागी कुदळ मारून काहीतरी खटपट केली आणि त्या रेषेत मेंदीच्या काड्या खोचल्या. खाऱ्या मुरमात मेंदी कसली जगते. दोन-तीन काड्यांना पानं फुटली, बाकीच्या वाळून गेल्या. कुंपण म्हणून दाखवायला काही उरलं नाही.

पलीकडचं घर वर्षभर रिकामं होतं. मग तिथे मावशी आणि काका राहायला आले. मावशी खाडीच्या बाजूच्या गावातल्या, आगरी. त्यांची भातखाचरं नव्या शहरासाठी घेतली गेली होती. मुलगा आखातात होता, त्याने हे घर घेऊन दिलं होतं. काका कंपनीत कामाला होते, पण अर्धांगाचा झटका आल्यापासून डावी बाजू गेलेली. मावशी पहिल्याच दिवशी वाटीभर सुका जवळा घेऊन आल्या. आमच्याकडे मासे चालतात की नाही हे विचारून मगच वाटी पुढे केली. मी त्यांना उरलेल्या तीन कपांपैकी एकात चहा दिला. त्यांनी कप फिरवून फिरवून बघितला.

"ही फुलां काय सुरेख हायेत गं बाय," त्या म्हणाल्या. "पियाला मन होत नाय."

त्यानंतर आल्या की त्या हक्काने सांगायच्या, "फुलांच्या कपान दे." एखाद्या घाईच्या दिवशी मी स्टीलच्या पेल्यात दिला तर तोंड वाकडं करायच्या, खोटं खोटं. मला त्या आवडत. माझ्या शाळेतल्या बायका आपापल्या फ्लॅटचं कौतुक सांगण्यात दंग असत; मावशींकडे बसलं की बरं वाटायचं.

घरांची जोती उंच होती, पाणी तुंबतं म्हणून. पुढच्या पायऱ्या चढ्या. काकांना त्या उतरवणं म्हणजे दोन माणसांचं काम आणि मावशी एकट्या. मग त्यांनी गवंडी बोलावला आणि बाजूच्या दारापासून सिमेंटचा एक लांब उतार करून घेतला, धरायला लोखंडी पाइप लावला. संध्याकाळी काका उजव्या हाताने पाइप धरून उतरायचे. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा. खाली खुर्ची असे. दिवे लागेपर्यंत तिथे बसून ते रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हात करायचे. दिवसभरात घराबाहेरचं त्यांना मिळायचं ते एवढंच.

उताराचं सिमेंट सुकलं आणि मामंजी दोरी घेऊन बाहेर आले.

"उतार आमच्यात आलाय," ते मावशींना म्हणाले. "हातभर."

मावशींना आधी थट्टा वाटली. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, कुठं लिवलंय तसा?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. नकाशा होता, पण नकाशावरची रेघ जमिनीवर नेमकी कुठे येते हे सांगणारं कोणी नव्हतं. मामंजी रोज सकाळी दोरी लावून मोजायचे आणि मोठ्याने बोलायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा ना त्यांना. हे म्हणाले, "सांगून ऐकतील ते बाबा कुठले?" आणि बूट घालून निघाले. नवऱ्यांना ऑफिसं असतात ती अशा वेळी फार उपयोगी पडतात. मी मात्र शाळेतून येताना लांबच्या गल्लीने यायला लागले, मावशी दिसू नयेत म्हणून. ज्यांची खाचरंच्या खाचरं या शहराखाली गेली, त्यांच्याकडे आम्ही बाहेरून आलेले लोक हातभर जमीन मागत होतो. त्याची मला इतकी लाज वाटायची की मी त्यांच्याकडे वर मान करून बघू शकत नव्हते.

प्रकरण सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलं. भला माणूस, त्याला फक्त ते लवकर मिटायला हवं होतं. त्याच्यासमोर मामंजी म्हणाले, "ताबा देताना मोजणीवाले खुंटीच्या खाली कोळसा आणि खापर पुरून ठेवतात. जुनी पद्धत आहे. खुंटी गेली तरी ते राहतं. मी दाखवतो तिथे खणा. निघालं तर हद्द तिथे, नाही निघालं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

मला वाटलं होतं मावशी चिडतील. त्या एकदम शांत झाल्या. "आमच्या खारीच्या बांधाखाली पन कोलसाच व्हता," त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यान पुरलेला. कोलसा कुजत नाय. निघाला त मी माझ्या हातान उतार तोडीन."

म्हणजे दोघांनाही ती भाषा कळत होती. सेक्रेटरीला आणि मला काही ती येत नव्हती. कोळसा निघाला की पुढे काही विचारायचं नसतं, एवढं मात्र त्या दोघांच्या चेहऱ्यावरून समजलं.

रविवारी सकाळी खणायचं ठरलं. सेक्रेटरी आला, हे घरी होते, आजूबाजूचे काही लोक रिकामपणी जमले. काका बाजूच्या दारात खुर्चीवर. मामंजींनी दोरी लावून जागा दाखवली. ती बरोबर उताराच्या पलीकडच्या, मावशींच्या घराकडच्या कडेला येत होती. कुदळ मावशींनी स्वतः घेतली. बांध घातलेला हात होता तो, एका लयीत पडत होता. थोडं खणल्यावर माती काळी निघाली. त्या खाली बसल्या आणि हातांनी उकरू लागल्या. कोळशाचे चार खडे निघाले.

"झालं तर मग," सेक्रेटरी म्हणाला.

मावशींचा हात अजून खड्ड्यात होता. त्यांनी आणखी काहीतरी काढलं, अंगठ्याने माती पुसली आणि थांबल्या. मी अगदी त्यांच्या मागे उभी होते. पांढरा तुकडा, त्यावर निळ्या फुलाची अर्धी पाकळी आणि सोनेरी रेघ.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मामंजींकडेही नाही. मूठ मिटली. कोळशाचे खडे दुसऱ्या हाताने खड्ड्याच्या काठावर मांडले आणि म्हणाल्या, "निघाला. हद्द हितंच."

मी शिक्षिका होते. वर्गात मुलांच्या मिटलेल्या मुठी उघडायला लावणं हे माझं रोजचं काम. शिवाय इतक्या दिवसांची लाज अंगात साठली होती, तिचा संताप झाला होता.

"मावशी, मूठ उघडा," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी वाकून त्यांची बोटं उघडली आणि तुकडा सगळ्यांना दाखवला. "हा माझ्या कपाचा आहे. माझ्या लग्नातल्या. इथे राहायला आलो त्या दिवशी फुटलेला. मोजणीवाल्यांनी पुरला म्हणता? मोजणीवाले आमच्याकडे चहाला आले होते का?"

कोणीतरी हसलं. मग दोघे-चौघे हसले. माझं ते शेवटचं वाक्य मला तेव्हा फार चांगलं जमल्यासारखं वाटलं होतं.

मामंजींनी दोरी गुंडाळायला घेतली. कोपरावर घालून ते दोरी गुंडाळत राहिले आणि गुंडाळून झाल्यावर ती सुटून खाली पडली. ती तशीच टाकून ते घरात गेले. लोक पांगले. हे माझ्याकडे न बघता आत गेले.

मी मावशींच्या शेजारी उकिडवी बसले. त्या खुश होतील, माझा हात धरतील असं वाटत होतं. त्या खड्डा बुजवत होत्या.

"मी मूठ मिटली व्हती ना, बाय?" त्या म्हणाल्या. "मना दिसला नव्हता काय? मी सांजचे येऊन भाऊंना एकट्याला सांगितला असता. ते आयकले असते. चार मानसांत म्हाताऱ्याच्या तोंडाला कालं कशाला फासलास?"

मी म्हटलं, "तुमचा उतार वाचला, मावशी."

"वाचला," त्या म्हणाल्या आणि कुदळ उचलून घरात गेल्या.

त्या दिवसापासून मामंजी पट्टीच्या बाजूला गेले नाहीत. तिकडची खिडकी त्यांनी बंद करून घेतली. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर म्हातारी मंडळी जमत, तिथेही जाणं सोडलं. एकदा गेले होते, तेव्हा कोणीतरी विचारलं, "काय हो, चहा झाला का?" साधाच प्रश्न असेल, नसेलही. आमच्या घराला 'कपबशीवाले' हे नाव पडलं होतं आणि ते माझ्यामुळे पडलं होतं. शाळेत एका मुलाच्या आईने मला तोंडावर विचारलं, तुम्हीच का त्या. मी हो म्हटलं. ह्यांनी एकदाच विषय काढला. "घरात सांगायचं होतंस," एवढंच म्हणाले. मी तावातावाने उत्तर दिलं की घरात सांगून तुमच्या घरात काय होतं ते मला माहीत आहे. पण मला तेव्हाच कळलं होतं की ह्यांचं बरोबर आहे.

मामंजी माझ्याशी कधी वाईट बोलले नाहीत. ते तर जास्तच झोंबायचं. पाणी हवं असेल तर आता स्वतः उठून घ्यायचे. फणसाची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली नाही. आणि मी ते तीन कप कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. मावशी पूर्वीसारख्या यायच्या, पण फुलांचा कप कधी मागितला नाही. पेल्यातला चहा मुकाट्याने प्यायच्या.

असे बरेच दिवस गेले. तोवर कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईहून इकडे आला, वारा फिरला की कांद्याचा वास घरात येऊ लागला. भाड्याने राहणारे लोक वाढले, चोऱ्या व्हायला लागल्या, आणि सोसायटीने ठरवलं की प्रत्येकाने कंपाउंडची भिंत घालायची. त्यासाठी रीतसर मोजणी मागवली. मोजणीवाले आले, साखळी धरली, लांबच्या एका पक्क्या खुणेपासून मोजत मोजत आमच्या ओळीत आले. आमच्या आणि मावशींच्या घरांमध्ये त्यांनी लोखंडी खुंटी ठोकली.

ती उताराच्या पलीकडच्या कडेला ठोकली. जिथे खड्डा खणला होता, तिथेच.

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मला आधी वाटलं, ह्या लोकांचं चुकलं. मी बाहेर जाऊन विचारलंसुद्धा. त्यातला एकजण वैतागून म्हणाला, "बाई, माप आहे ते. चुकायला काय झालं?" म्हणजे मामंजींनी काथ्याच्या दोरीने मोजलेलं बरोबर होतं. पहिल्या आठवड्यातच बरोबर होतं. त्यांनी खऱ्या हद्दीवरच कोळसा पुरला होता. फक्त, नुसतं खरं हाताशी असताना काय होतं हे त्यांनी गावाला बघितलं होतं, म्हणून ह्या वेळी त्यांना कोळसाही हवा होता. गोष्ट इतक्यांदा ऐकून मला एवढं समजलं नव्हतं. मी भाजी निवडत होते.

मामंजी आतल्या खोलीत होते. त्यांना जाऊन सांगायला माझी जीभ उचलेना. हे संध्याकाळी आले, त्यांनी सांगितलं. मामंजी "बरं" म्हणाले आणि जेवायला बसले. मला वाटत होतं त्यांनी मला काहीतरी टाकून बोलावं. त्यांनी ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशींनी गवंडी बोलावला. शब्द म्हणजे शब्द. घण घेऊन तो उतारापाशी आला आणि तेवढ्यात आमच्या मागच्या दाराची कडी वाजली. मामंजी बाहेर आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या बाजूला. हातात काठी, अंगात घरातलाच सदरा. ते चालत गेले आणि सरळ उतारावर बसले, पाइपला पाठ टेकून.

"भाऊ, उठा," मावशी म्हणाल्या. "मोजनी झाली. जागा तुमची हाय. तुमचा खरा व्हता."

"जागा माझी आहे ना?"

"हाय."

"मग मी तिच्यावर बसेन नाहीतर झोपेन. तुम्ही मला उठवणाऱ्या कोण?" मग गवंड्याकडे वळून, "तू जा रे. माझ्या जागेवरचं काय फोडायचं आणि काय ठेवायचं ते मी ठरवीन. भिंत ह्याच्या अलीकडून येईल, आमच्या बाजूने. जा."

गवंडी मावशींकडे बघत उभा राहिला. मावशींनी पदर तोंडाला लावला होता. काका आवाज ऐकून दारात आले होते. त्यांनी पाइप धरला आणि उतरायला सुरुवात केली, एक पाय टाकून दुसरा ओढत. मामंजींपाशी आले तेव्हा पुढे जायला वाट नव्हती. मामंजींनी हात वर केला, काकांचा उजवा हात धरला आणि त्यांना शेजारी बसवून घेतलं. मावशी खालच्या टोकाला बसल्या.

मी दारात उभी होते. पुढे जाऊन पाया पडावं, काहीतरी बोलावं असं वाटत होतं. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता.

"हद्द खरी होती, सूनबाई," ते म्हणाले. "कोळसा तेवढा खोटा होता."

मी मान हलवली. मग ते म्हणाले, "चहा कर. कपातून आण. त्या फुलांच्या."

स्टुलावर चढून मी माळ्यावरून पुडकं काढलं, कप धुतले, चहा केला. ट्रे घेऊन बाहेर गेले. पहिला कप काकांच्या उजव्या हातात दिला, दुसरा मावशींना. तिसरा मामंजींनी स्वतः उचलला आणि काठावरची सोनेरी रेघ जराशी पुसून तोंडाला लावला.

"तुझा कुठं हाय?" मावशींनी विचारलं.

कप तीनच होते. मी नंतर घेते म्हटलं. मावशी सरकून बसल्या आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून "बस" म्हणाल्या. मला बसवेना. त्यांचा चहा होईपर्यंत मी रिकामा ट्रे धरून उभी होते.